मालवणी, मराठी, इंग्रजी आणि मेंदू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीपासून अलिबागपर्यंतचे पालक, शिक्षक, रुग्णांचे नातेवाईक आणि भाषेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अवघड. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फॉर्मवर आम्ही मातृभाषा ‘मराठी’ लिहितो, पण घरात मालवणी बोलतो. मग आमची दुसरी भाषा कुठली?

पहिली मालवणी, दुसरी प्रमाण मराठी. इंग्रजी तिसरी. संशोधनात भाषांचा क्रम तीन गोष्टींवरून ठरतो: कितव्या वर्षी कानावर पडायला लागली, दिवसातून किती तास वापरता आणि किती सफाईने येते. तिला सरकारदरबारी भाषा म्हणतात की बोली, याचा मेंदूशी काही संबंध नाही. ‘माका होया’ आणि ‘मला हवं’ ही त्याच्यासाठी दोन रूपं आहेत आणि बोलताना दर वेळी त्यातलं एक निवडावं लागतं.

हे नुसतं म्हणणं नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराची बोली आणि प्रमाण स्कॉटिश इंग्रजी अशा दोन्ही बोलणाऱ्यांवर २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बोलीतून प्रमाण भाषेत जाताना या लोकांना तसाच जादा वेळ लागला, जसा दोन वेगळ्या भाषांमध्ये ये-जा करणाऱ्यांना लागतो (प्रश्न ८). रेवदंड्याजवळच्या कोर्लईत घरात पोर्तुगीजवर आधारलेली भाषा बोलतात आणि बाजारात मराठी. तिथे दोन भाषा आहेत हे कुणीही मान्य करतो. कुडाळच्या घरातही दोनच आहेत, फक्त त्या मोजल्या जात नाहीत. ही मोजणी चुकली की पुढे शाळेत, दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत सगळीकडे चुका होत जातात.

२. मेंदूत प्रत्येक भाषेसाठी वेगळा कप्पा असतो का?

नाही. बहुतेक सगळं काम एकाच जाळ्यात चालतं. डाव्या बाजूला कपाळाच्या आतला ब्रोका भाग आणि कानाच्या वर-मागचा वेर्निके भाग हे त्यातले सगळ्यांत प्रसिद्ध. फरक बारीक असतो आणि तो वयाशी जोडलेला दिसतो. १९९७ साली किम, हर्श आणि सहकाऱ्यांनी लहानपणीच दोन भाषा शिकलेले आणि मोठेपणी दुसरी शिकलेले असे लोक तपासले. मोठेपणी शिकलेल्यांच्या ब्रोका भागात दोन भाषांची ठिकाणं काही मिलिमीटर वेगळी दिसली, लहानपणी शिकलेल्यांत ती एकमेकांवर आली. वेर्निके भागात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. हा अभ्यास अवघ्या १२ जणांवर होता. नंतरच्या कामातून दिसलं की वयाइतकंच महत्त्व सफाईला आहे. भाषा जितकी मुरते तितका तिचा नकाशा पहिल्या भाषेच्या नकाशाशी जुळत जातो.

३. डोक्याच्या आत काय चाललंय हे बाहेरून कळतं कसं?

मुख्य साधनं दोन. ‘कधी’ घडलं ते ईईजी सांगते, ‘कुठे’ घडलं ते एफएमआरआय.

ईईजीत डोक्यावर ३२ किंवा ६४ इलेक्ट्रोडची टोपी घालतात. मेंदूतल्या पेशींची वीज कवटीबाहेर येईपर्यंत काही मायक्रोव्होल्ट उरते. एका वाक्यावरून काहीच कळत नाही. म्हणून एकाच प्रकारची तीस-चाळीस वाक्यं दाखवून सरासरी काढतात. ‘आजीने भातावर छत्री ओतली’ असं वाक्य आलं की ‘छत्री’ या शब्दानंतर साधारण ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण लहर दिसते. तिचं नाव एन-४००. ती कुटास आणि हिलयार्ड यांना १९८० साली सापडली. अर्थ ठीक पण व्याकरण बिघडलेलं असेल, म्हणजे ‘ती मुलगी आला’, तर ६०० मिलिसेकंदांच्या आसपास धन लहर येते, ती पी-६००. शिकणाऱ्याला नियम ‘माहीत’ आहे की ‘मुरला’ आहे हे ओळखायला या दोन लहरी फार उपयोगी पडतात.

एफएमआरआय रक्तातल्या प्राणवायूतला बदल टिपतं. एखादा भाग कामाला लागला की तिथला रक्तपुरवठा वाढून शिखराला पोचायला ५-६ सेकंद जातात. जागा नेमकी कळते, वेळ ढोबळ. बातम्यांमध्ये मेंदूचं रंगीत चित्र पाहून ‘इथे इंग्रजी राहते’ असं समजू नका. ते रंग दोन परिस्थितींमधल्या फरकाचे असतात.

४. झील (मुलगा) घरात मालवणी बोलता, शाळेत मराठी, क्लासात इंग्लिश. मगजात घोळ होवचो नाय मां?

नाही. ‘टीचराक सांग’ हे वाक्य नीट ऐका. शब्द इंग्रजी, पण त्याला लागलेला ‘-आक’ मालवणीचा, अगदी जागच्या जागी. घोळ झाला असता तर प्रत्यय कुठेही लागला असता. मुलं भाषा मिसळतात तेव्हा एका भाषेचा सांगाडा धरून त्यात दुसरीचे शब्द बसवतात. हे व्याकरण येत असल्याचं लक्षण आहे.

शब्दसंख्या मोजताना मात्र सगळ्या भाषा मिळून मोजा. दोन वर्षांच्या मुलाला मालवणीचे ३०, मराठीचे १५ आणि इंग्रजीचे १० शब्द येत असतील तर ते ५५ आहेत. नुसते मराठीचे १५ धरले तर मूल उगाच मागे पडल्यासारखं दिसतं. खरी काळजी कधी करायची? वर्षाचं झालं तरी बडबड नाही, हाक मारल्यावर वळत नाही, दोन वर्षांपर्यंत सगळ्या भाषा मिळून ५० शब्द नाहीत किंवा दोन शब्द जोडले जात नाहीत, तेव्हा आधी कानांची तपासणी करून घ्या. बालरोगतज्ज्ञाला किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. त्या वेळी कुणी ‘घरची भाषा बंद करा’ असं सुचवलं तर ते ऐकू नका. एक भाषा बंद केल्याने विलंब बरा होत नाही. मुलाचं आजीशी बोलणं तेवढं तुटतं.

५. आमची मुलं मराठीच्या पेपरात ‘ते मुलगी’ असं लिहितात. इतकं वाचूनही तीच चूक का?

मालवणीत ‘ता चेडू’. चेडू नपुंसकलिंगी आहे आणि मराठीतली मुलगी स्त्रीलिंगी. दोन्ही भाषांत लिंगाची व्यवस्था आहे, पण मांडणी वेगळी. नेमकी हीच जागा सगळ्यांत चिवट असते.

टोकोविच आणि मॅकव्हिनी यांनी २००५ साली स्पॅनिश शिकणारे इंग्रजी भाषक ईईजीत तपासले. दोन्ही भाषांत सारखा असलेला नियम मोडला की मेंदू दखल घ्यायचा. इंग्रजीत अजिबात नसलेला, निव्वळ स्पॅनिशचा नियम मोडला तरी घ्यायचा. दखल घेतली जात नव्हती ती दोन्हींत असून वेगळ्या तऱ्हेने चालणाऱ्या नियमाची. तिथे जुनी सवय आयती हजर असते आणि नवा नियम वेगळा बसतच नाही.

त्यामुळे लाल शाईची गोल खूण पुरत नाही. शिक्षकांनी दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत: मालवणीत ता चेडू, मराठीत ती मुलगी. अशा दहा-बारा जोड्या काढून आठवड्यातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं तोंडी घ्याव्यात. ‘मालवणी अशुद्ध आहे’ असं सांगून ही चूक सुटत नाही, कारण मूल चुकीचं बोलत नसून दुसऱ्या भाषेचा बरोबर नियम लावतंय.

६. इंग्रजीचे उच्चार मोठेपणी जमत नाहीत. कान तयार व्हायचं वय असतं का?

ध्वनींच्या बाबतीत असतं, आणि ते फार लवकरचं आहे. वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, १० ते १२ महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला. आपल्याला ‘ताट’ या एका शब्दात सहज ऐकू येणारा फरक त्यांच्या कानाने वर्षाच्या आत गाळून टाकला. आपणही असंच गाळतो: इंग्रजीत दात ओठाला टेकवून म्हटलेला आणि ओठ गोल करून म्हटलेला, असे दोन ‘व’ आहेत. मराठी कानाला ते एकच वाटतात.

म्हणून बाळाला मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून ठेवावीत का? त्याने काम होत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरीनची २५-२५ मिनिटांची १२ सत्रं मिळाली. समोर माणूस बसून खेळत-बोलत होता त्या बाळांनी ध्वनी धरले. तेच पडद्यावर पाहिलेल्यांनी काहीच धरलं नाही.

मोठ्यांसाठी उपाय आहे, पण कष्टाचा. एकाच ध्वनीने वेगळे होणारे शब्द जोडीने घ्या, वेगवेगळ्या पाच-सहा माणसांच्या आवाजात ऐका, कुठला होता ते सांगा आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच तपासा. एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, ध्वनीला नाही.

७. मग चाळिशीनंतर नवी भाषा शिकण्यात अर्थ आहे का?

आहे. उच्चार आणि व्याकरण यांची घड्याळं वेगळी चालतात. हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी २०१८ साली सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची माहिती तपासली. व्याकरण शिकण्याचा वेग साधारण १७ वर्षांपर्यंत टिकून राहतो आणि मग घटतो, असं त्यांना दिसलं. घटतो, थांबत नाही. शब्दसंपदेला तर वयाचं कुंपण जवळजवळ नाहीच.

आणखी एक निष्कर्ष शिकणाऱ्यांनी मनात धरावा असा आहे. २००४ साली फ्रेंचच्या नवशिक्या विद्यार्थ्यांना खरे आणि बनावट शब्द दाखवले. सरासरी १४ तासांच्या शिकवणीनंतर ‘हा शब्द खरा का?’ याचं उत्तर ते निव्वळ अंदाजाने देत होते, पण त्यांची एन-४०० लहर खऱ्या-खोट्यात फरक करत होती. ‘काही येत नाही’ असं वाटतं त्या काळातही आत नोंद सुरू झालेली असते.

स्वीडनच्या लष्करी दुभाषा शाळेतल्या प्रशिक्षणार्थींवरचा २०१२चा अभ्यासही इथे सांगण्यासारखा आहे. तीन महिन्यांच्या कठोर भाषाशिक्षणानंतर त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी जोडलेला भाग, आकाराने वाढलेला दिसला. ती तरुण मुलं होती आणि दिवसभर तेच करत होती, हे मात्र लक्षात ठेवा.

८. मुंबईहून चतुर्थीला गावी आलं की पहिल्या दिवशी मालवणी अडखळते, आणि परत गेल्यावर मराठी. असं का?

कारण एक भाषा बोलताना दुसरी बंद होत नाही, ती दाबून धरावी लागते. रशियन-इंग्रजी भाषकांवरच्या १९९९च्या प्रयोगात रशियनमध्ये ‘मार्कू’, म्हणजे पोस्टाचं तिकीट, उचलायला सांगितलं, तर नजर क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडे वळली. थिएरी आणि वू यांनी २००७ साली चिनी माणसांना निव्वळ इंग्रजी शब्द वाचायला दिले. ज्या जोड्यांच्या चिनी भाषांतरात एक अक्षर समान होतं, तिथे ईईजी बदलली. वाचणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे ‘बस’ हा शब्द कानावर पडला की गाडी की खाली बसणं हे पुढच्या शब्दापर्यंत उघडं असतं, तसंच हे, फक्त सतत.

दाबण्याची किंमत म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ साली मोजली. पडद्यावर आकडे, पार्श्वभूमीच्या रंगावरून भाषा ठरवायची. भाषा बदलताना वेळ लागतोच, पण कमी येणाऱ्या भाषेतून पक्क्या भाषेकडे परतताना तो जास्त लागतो. पक्की भाषा जोर लावून दाबलेली असते, तिला उठायला वेळ जातो. दोन्ही सारख्याच रोजच्या असतील तर हा फरक बुजतो. या नियंत्रणात कपाळामागचा भाग, अँटीरियर सिंग्युलेट आणि आत खोलवरचा कॉडेट एकत्र काम करतात.

वर्षभर जिला दाबून ठेवलं ती भाषा आरतीच्या पहिल्या रात्री लगेच हाताशी येत नाही. दोन-तीन दिवस सगळं बोलणं त्याच भाषेत ठेवलं की ती मोकळी होते. घटकेत इकडे, घटकेत तिकडे केलं तर जास्त अडखळायला होतं.

९. शिव्या आणि ओरडा आपल्या भाषेतच का लागतो?

हॅरिस आणि आयचिचेयी यांनी २००३ साली तुर्की माणसांच्या बोटांना तारा लावून त्वचेवरच्या घामाचा बदल मोजला. लहानपणी ऐकलेली दटावणी तुर्कीत ऐकली की प्रतिक्रिया मोठी, त्याच अर्थाची इंग्रजीत ऐकली की बरीच कमी. ‘मेल्या!’ हा शब्द आईच्या आवाजासकट साठवलेला असतो. पुस्तकातून शिकलेल्या शब्दाला तसा आवाज नसतो.

१०. देवनागरी आणि इंग्रजी लिपी वाचताना मेंदू वेगळा चालतो का?

थोडा. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं सरळ आहे, इंग्रजीत शब्दाचं अख्खं रूप ओळखावं लागतं. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमधून २०११ साली आलेल्या अभ्यासात लहानपणी हिंदी आणि इंग्रजी वाचन एकाच वेळी शिकलेल्यांनी इंग्रजीसाठी खालच्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागावर आणि हिंदीसाठी पराइटल (डोक्याच्या वर-मागच्या) भागावर जास्त भर दिलेला दिसला. एकामागून एक लिपी शिकलेल्यांत असा स्वच्छ फरक नव्हता.

११. वडिलांना लकवा झाला. आता मालवणी येते, मराठी येत नाही. हे शक्य आहे का? उपचार कुठल्या भाषेत करायचे?

शक्य आहे. झटक्याने बोलणं जाण्याला वाचाघात म्हणतात. दोन्ही भाषा सारख्या प्रमाणात जाणं आणि सारख्या परत येणं हे सगळ्यांत जास्त आढळतं, पण एकच परत येणं, एक मागाहून येणं, किंवा नको तिथे मिसळणं, हेही होतं. एकोणिसाव्या शतकात रिबो यांनी सांगितलं की सगळ्यांत जुनी भाषा टिकते, पित्र यांनी सांगितलं की आजाराआधी सगळ्यांत वापरात असलेली आधी परतते. दोन्हींची उदाहरणं सापडतात. नियम म्हणून एकही पुरत नाही.

वाचाउपचारतज्ज्ञाकडे जाताना घरून कागदावर लिहून न्या: कुठली भाषा कुणाशी, दिवसातून किती, हिशेब कुठल्या भाषेत करत, पेपर कुठला वाचत. दोन्ही भाषांत तपासणी करा असा आग्रह धरा. मिशेल पॅराडी यांची द्विभाषक वाचाघात चाचणी याच कारणासाठी बनली. तपासणी फक्त प्रमाण मराठीत झाली आणि वडील ‘चेडू’, ‘बापूस’, ‘खंय’ असे शब्द देत असतील, तर ती उत्तरं चूक धरली जाण्याचा धोका असतो. घरच्या वस्तूंची चाळीस-पन्नास चित्रं काढा आणि प्रत्येकाखाली त्यांचा नेहमीचा शब्द लिहा: रोवळी, आडाळो, सूप. सराव त्यांच्या शब्दांपासून सुरू होऊ द्या.

आणि हे सगळ्यांत आधी: अचानक तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं बोबडं होणं दिसलं की १०८ ला फोन करा आणि सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कोकणातल्या घाटवळणांनी त्यातला बराच वेळ जातो, तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

१२. दोन भाषा बोलल्याने बुद्धी तल्लख होते आणि विसराळूपणा लांबतो, हे खरं का?

पहिल्या भागाबद्दल सावध राहा. द्विभाषक मुलांचं लक्ष अधिक ताब्यात असतं असे निष्कर्ष अनेक वर्षं येत राहिले, पण मोठ्या नमुन्यांत ते टिकलेले नाहीत. २०१९ साली ९-१० वर्षांच्या ४,५२४ अमेरिकन मुलांच्या माहितीत असा फायदा दिसला नाही. दोन भाषा शिकायचं कारण बुद्ध्यांक नसावं.

दुसऱ्या भागाला आपल्या देशातून चांगला आधार आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी २०१३ साली मांडल्या. दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि कधीही शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला. दोनहून अधिक भाषांचा जादा फायदा नव्हता. आजार टळत नाही, लक्षणं लांबतात. रुग्णालयात आलेल्यांचाच हा हिशेब आहे आणि लक्षणं कधी सुरू झाली हे घरच्यांनी सांगितलेलं आहे, म्हणून याला औषधासारखी हमी समजू नये.

१३. लहानपणी आजोळी कोकणी बोलायचो, आता एक शब्द आठवत नाही. ती पूर्ण गेली का?

दोन अभ्यास, दोन उत्तरं. ३ ते ८ वर्षांचे असताना फ्रान्समध्ये दत्तक गेलेले कोरियन २००३ साली तपासले, तेव्हा कोरियन ऐकताना त्यांचा मेंदू फ्रेंच माणसांसारखाच वागला. उलट माँट्रियलच्या २०१४च्या अभ्यासात बाळपणीच दत्तक गेलेल्या चिनी मुलींना एक शब्दही येत नव्हता, तरी चिनी सुरांना त्यांचा मेंदू चिनी भाषकांसारखा प्रतिसाद देत होता. शब्द जातात. ध्वनींचा माग राहू शकतो, त्यामुळे पुन्हा सुरुवात करताना आधी ऐकण्यावर भर द्या.

१४. प्रयोगात भाग घ्यायला बोलावलंय. काय तयारी करायची?

ईईजी असेल तर आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा आणि खोबरेल अजिबात लावू नका. तेलाचा थर इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये येतो, रोध वाढतो आणि टोपी बसवायचा अर्धा-पाऊण तास दुप्पट होतो. एफएमआरआय असेल तर मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टीपिन घरीच ठेवा आणि शरीरात पेसमेकर, धातूची क्लिप किंवा पट्टी असेल तर आधी सांगा. डावखुरे असाल तर तेही सांगा. भाषांच्या प्रश्नावलीत मालवणी, आगरी, चित्पावनी, कोकणी मुसलमानी, जे घरात बोलता ते लिहा, रकाना नसेल तर समासात लिहा.

१५. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मालवणी-मराठी प्रयोग करायचाय, ईईजी नाही. लॅपटॉपवर काय करता येईल?

भाषा-बदलाचा प्रयोग (प्रश्न ८) उत्तम होईल. सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट आहे. चित्रांना नाव द्यायचं, चौकटीच्या रंगावरून मालवणी की मराठी ते ठरवायचं. चित्रं निवडताना दोन ढीग करा: एकात ‘आंबो-आंबा’ सारखे जवळचे शब्द, दुसऱ्यात ‘झील-मुलगा’, ‘चेडू-मुलगी’ सारखे पूर्ण वेगळे. ढीग मिसळले तर वेग भाषेमुळे बदलला की शब्दाच्या साम्यामुळे हे कळणार नाही. दोन्ही ढिगांतले शब्द सारखेच नेहमीचे असावेत. भाषा रंगाऐवजी शब्द ऐकवून सांगायची असेल तर तारेचा हेडफोन वापरा, ब्लूटूथमध्ये आवाज शंभरेक मिलिसेकंद मागे पडू शकतो आणि मोजायचा फरकच तेवढा असतो. मालवणी छापून दाखवू नका, ती वाचायची सवय कमी असते. ध्वनिमुद्रण वापरा.

संमतिपत्र मराठीत लेखी, पण समजावणं तोंडी. सगळ्यांत मोठी गफलत इथेच होते: विद्यार्थी प्रमाण मराठीत सूचना देतो, समोरची बाई पाहुण्याशी बोलावं तशी मराठीत शिरते आणि तिची मालवणी पहिल्या मिनिटालाच दाबली जाते. निम्म्या सहभागींना सूचना गावातल्याच कुणाकडून मालवणीत द्या, निम्म्यांना मराठीत, आणि कुणाला कुठल्या भाषेत दिल्या ते प्रत्येक नोंदीसमोर लिहून ठेवा.